मॅच कधी आहे?

खरं सांगू? हा लेख मी नऊ वर्षांपूर्वीच लिहायला हवा होता.

म्हणजे बघा, मी फ्रीलान्स जर्नलिस्ट. नव्या कॅफेपासून ते मकबऱ्यापुढच्या प्री-वेडिंग शूटपर्यंत आणि हिमरूच्या दुपट्ट्यांपासून ते एमपीएससीच्या टेन्शनपर्यंत, पर वर्ड रेट मिळत असेल तर मी कशावरही लिहिते. आणि हर्सूलच्या आमच्या घरात, एकाच अंगणात माझ्यासोबत वाढलेला माझा चुलतभाऊ गेली नऊ वर्षं कबड्डी खेळतोय. शाळेत नव्हे, टाइमपास म्हणून नव्हे. जर्सी घालून, जिल्ह्याच्या आणि जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धांमध्ये. गेली दोन वर्षं तो टीमचा कॅप्टन आहे.

या नऊ वर्षांत त्याच्या किती मॅच मी पाहिल्या असतील?

शून्य.

हर्सूल म्हटलं की शहरातल्या मंडळींना दोनच गोष्टी आठवतात, तलाव आणि जेल. 'जेलच्या अलीकडे की पलीकडे?' हा प्रश्न कॉलेजात मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याचं उत्तर माझ्या व्हिजिटिंग कार्डावर छापायला हवं. महापालिकेत येऊन हर्सूलला जमाना झाला, पण वृत्ती अजून अर्धी गावाची आहे. इथे कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाच्या मुलीला स्थळ आलं, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. फक्त आपल्या टीमची मॅच कधी आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. घरात असून!

'ताई, माझं नाव टाकू नको बरं का,' भावानं आधीच बजावलंय. 'सुपरवायझर पेपर वाचतो.' म्हणून आपण त्याला कॅप्टनच म्हणू.

तर झालं असं की गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता, एका रात्री मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसले होते आणि कॅप्टन शेजारी खिशातली छोटी डायरी काढून काहीतरी हिशोब करत होता.

'या सीझननंतर बंद, ताई.'

'का रे? गुडघा?'

'गुडघा नाही. खाडा.'

खाडा म्हणजे काय, हे ज्यांचा पगार महिन्याच्या एक तारखेला आपोआप अकाउंटला जमा होतो त्यांना सांगावं लागेल. कामावर गेला नाहीत तो दिवस म्हणजे खाडा. त्या दिवसाचा पैसा नाही. महिनाभर खाडा नसेल तर हजेरीचा बोनस मिळतो, एक झाला की तोही गेला. कॅप्टन वाळूजला एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर आहे. मॅचसाठी सेकंड शिफ्ट बुडवली की खाडा, बाहेरगावी स्पर्धा असली की दोन-तीन खाडे सलग. डायरीत एका बाजूला मॅचच्या तारखा होत्या, दुसऱ्या बाजूला त्या तारखांना बुडालेले पैसे. बेरीज बघून मीच गप्प झाले.

'इतकी वर्षं वाटायचं, चला, खेळतोय,' तो म्हणाला. 'आता वाटतं, कुणासाठी खेळतोय? बघायला कोणी येतं का? तू तरी आलीस का कधी?'

बॉस, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात गेले. शहरातल्याच एका भागात स्पर्धा होती. फ्लेक्सवर वेळ 'सायंकाळी ५ वा.' छापलेली, म्हणून मी पत्रकारी शिस्तीत पावणेपाचला हजर. मैदानात कोण होतं? फक्की मारणारा एक मुलगा आणि हॅलोजनच्या वायरी जोडणारा इलेक्ट्रिशियन. साडेसहाला पंच आले. सात वाजता कळलं, प्रमुख पाहुणे दुसऱ्या कार्यक्रमात अडकलेत. मग ते आले. मग नारळ, मग शाल-श्रीफळ, मग आणखी शाली, मग मनोगत. 'आजचा तरुण मोबाइलमुळे मैदानापासून दूर चालला आहे', हे वाक्य ऐकत दोन डझन तरुण मैदानाच्या कडेला थंड पडू नये म्हणून उड्या मारत होते. आमची मॅच सुरू झाली आठ चाळीसला.

मी सवयीनं माणसं मोजली. एकूण ५८. आता यातून वजा करत चला. दोन्ही टीमचे बदली खेळाडू दहा. पंच, गुणलेखक वगैरे सहा. बॅज लावलेले कार्यकर्ते नऊ. पुढच्या मॅचच्या दोन्ही टीम मिळून चोवीस. उरले किती? नऊ. त्यात एक भेळवाला, भिंतीवर चढून बसलेली तीन पोरं, कॅप्टनचा बाइकवाला मित्र, बाइक पंक्चर झाली म्हणून थांबलेले दोघं, एक रिटायर्ड काका आणि मी.

मॅच मात्र काय सॉल्लिड झाली! कॅप्टन चढाईला निघाला की त्याचा चेहराच बदलतो. घरात भाजीत मीठ कमी आहे हेही धड न बोलणारा मुलगा तिथे एका दमात समोरच्या कोपऱ्यापर्यंत घुसत होता. शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही तीन गुणांनी मागे होतो. त्यानं एकाच चढाईत दोन गडी टिपले आणि मी चक्क किंचाळले. भिंतीवरच्या पोरांनी वळून बघितलं. शेवटी एका गुणानं हरलो. स्पर्धा बाद फेरीची, त्यामुळे आमच्यासाठी ती तिथंच संपली. दुसऱ्या दिवशी हर्सूलमधून शंभर माणसं बघायला जायला तयार झाली असती, तरी बघायला आमची टीमच नव्हती.

परतताना डोक्यात एकच किडा. लोक का येत नाहीत?

सोपी उत्तरं सगळ्यांच्या तोंडावर असतात. 'क्रिकेटनं सगळे खेळ खाल्ले.' 'लोकांना मोबाइल सोडवत नाही.' 'कबड्डीत ग्लॅमर नाही.' यातलं ग्लॅमरचं उत्तर तर २०१४ लाच निकालात निघालं. त्या वर्षी २६ जुलैला मुंबईत वरळीला प्रो कबड्डी लीग सुरू झाली, आणि मातीतला हुतुतू मॅटवर, लाइट्सखाली, तीस सेकंदांच्या घड्याळासकट घराघरांत पोहोचला. आमच्या गल्लीत आजही सीझन असला की रात्री तीन-चार घरांतून एकाच वेळी ओरडा ऐकू येतो. माझ्या काकूला, म्हणजे कॅप्टनच्या आईला, 'डू ऑर डाय रेड' म्हणजे काय ते माहितीये. स्वतःच्या मुलाची रेड तिनं तोवर कधी पाहिली नव्हती!

म्हणजे कबड्डी बघायला लोक आहेत. गर्दी करायलाही लोक आहेत. नवरात्रात हरसिद्धी मातेच्या दर्शनाला पहाटेपासून रांग लागते, तिथे कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण जात नाही. माझ्या आजोळी जत्रेच्या कुस्त्यांना आसपासच्या खेड्यांतून माणसं येतात, झाडांवर चढून बसतात. कारण काय? जत्रेची तिथी ठरलेली. जागा ठरलेली. आज्याच्या काळापासून ठरलेली. पाहुण्यांना उशीर झाला म्हणून जत्रा पुढे ढकलत नाहीत.

याच विचारात असताना एक वेगळाच धागा हाती लागला, तोही थेट लीड्सहून. मासकॉमचा माझा एक क्लासमेट नोकरीनिमित्त तिथे आहे. लीड्स म्हटलं की आपल्याला हेडिंग्ले आठवतं. २००२ ची ती कसोटी, द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८! त्याच हेडिंग्लेत क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून दुसरं एक मैदान आहे आणि तिथे रग्बी लीग चालते. त्याचा फोटो आला होता, गच्च भरलेल्या स्टँडमधला, गळ्यात निळा-पिवळा मफलर. मी त्याला व्हॉइस नोट टाकली, 'तुला रग्बीतलं काय कळतं रे?' त्याचं उत्तर, 'काही नाही. पण इथे सगळं ऑफिस जातं. आणि ही आपली कबड्डीच आहे गं, फक्त हातात बॉल आहे.'

पाहिलं तर खरंच की! बॉल घेतलेला गडी समोरच्या भिंतीत घुसतो आणि समोरचे तिघं-चौघं मिळून त्याला आडवा करतात. सहा वेळा आडवे झालात की बॉल गेला समोरच्यांकडे. बघता बघता मी या खेळाचा इतिहास वाचत गेले आणि रात्री दीड वाजता ताडकन उठून बसले. कारण हा खेळ जन्माला आला होता... खाड्यावरून!

थांबा, नीट सांगते. रग्बीचे दोन प्रकार. एक युनियन, पंधरा जणांचा. दुसरा लीग, तेरा जणांचा. पूर्वी एकच होता. पण उत्तर इंग्लंडमध्ये तो खेळायचे खाणीतले आणि गिरण्यांतले कामगार. मॅचसाठी काम सुटलं की मजुरी बुडायची. तिथल्या क्लबांचं म्हणणं होतं की बुडालेल्या मजुरीची भरपाई तरी खेळाडूला देऊ द्या. तिकडे त्याला 'ब्रोकन टाइम' म्हणायचे, दिवसाला सहा शिलिंग. लंडनच्या संघटनेतल्या साहेबांना ते पटलं नाही. खेळ हा हौसेनं खेळायचा असतो, पैशांसाठी नाही! ज्यांना खाडा माहीत नाही त्यांनी हे म्हणणं सोपंच होतं. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली, उत्तरेकडचे क्लब बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. तीच पुढे रग्बी लीग झाली.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो खाणकामगार आणि आमचा वाळूजचा कॅप्टन, दोघांच्या डायरीत एकच नोंद!

पण मला अडकवलं ते दुसऱ्या गोष्टीनं. बघणारी माणसंही कामगारच होती, मग त्यांना वेळ कुठून मिळाला? तर इंग्लंडात १८५० च्या कायद्यानं कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोनला सुटायला लागल्या. गिरणी सुटली की सगळी वस्ती एकदमच मोकळी. मैदान चालत जाण्याइतकं जवळ. आणि मैदानावर खेळणारा कोण? शेजारच्या घरातला. शनिवारी दुपारी मॅच, हे तिकडच्या लोकांच्या अंगात भिनलं ते असं.

आपल्याकडेही हे घडलंच होतं की. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. लालबाग-परळच्या चाळी, चाळीलगत व्यायामशाळा, कोपऱ्यावर मैदान. गिरणगावात कबड्डी फोफावली ती उगाच नाही. सगळ्यांना सुट्टी एकाच दिवशी आणि चढाई करणारा पोरगा वरच्या मजल्यावरचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, माणसं पांगली, आणि त्यांच्यासोबत ती सवयही पांगली.

आता आमची टीम बघा. बारा जण. चौघं वाळूजला, दोघं चिकलठाण्याला, एक शेंद्र्याला. तिघांचे वीकली ऑफ तीन वेगळ्या वारांना. एक रिक्षा चालवतो, एकाचं मोबाइल रिपेअरिंग, एक पोलिस भरतीची तयारी करतोय, दोघं कॉलेजला. खेळणारेच एका वेळी मोकळे नाहीत, तर बघणारे कुठून असणार? ज्या कामगार वस्तीनं हे खेळ मोठे केले ती वस्ती आजही आहे. तिची सुट्टी तेवढी तुकड्या-तुकड्यांत वाटली गेलीय.

आणि मैदान? टीम सुरू झाली तेव्हा प्रॅक्टिस तलावाच्या बाजूच्या एका मोकळ्या जागेत व्हायची. तिथे प्लॉटिंग झालं. मग दुसऱ्या जागी गेले, तिथे मंगल कार्यालय उभं राहिलं. आताची जागा तिसरी, आणि तिच्याही कोपऱ्यात कुणीतरी खडी आणून टाकलीय. जागा बदलली की प्रॅक्टिस बघत उभे राहणारे पाच-दहा जणही गळतात. तुम्ही म्हणाल, त्यानं काय एवढं? त्यालाही रग्बी लीगमध्येच दाखला सापडला. लीड्सची टीम १८९० पासून हेडिंग्लेलाच आहे. याउलट लंडनमध्ये १९८० साली फुलहॅम नावानं एक टीम निघाली. क्रेव्हन कॉटेज या फुटबॉलच्या मैदानावर पहिल्याच मॅचला साडेनऊ हजार माणसं! पण पुढे घर काही टिकलं नाही. क्रिस्टल पॅलेस, बार्नेट, चार्लटन, ट्विकनहॅम, ब्रेंटफर्ड, ईलिंग, विम्बल्डन... भाडेकरूसारखी टीम फिरत राहिली. नावंही बदलली, आज तिला लंडन ब्राँकोज म्हणतात. एवढ्या मोठ्या शहरात माणसांची कमी आहे का? पण दर वेळी नव्या पत्त्यावर कोण किती दिवस येणार?

आपल्याकडच्या मोठ्या लीगही यातून सुटलेल्या नाहीत. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा आपल्या शहराच्या नावानं छत्रपती संभाजी किंग्ज ही क्रिकेट टीम होती. किती अभिमान वाटला होता! पण सगळ्या मॅच गहुंजेला, पुण्याच्याही पलीकडे. २०२५ मध्ये पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या फायनलपर्यंत धडकली, पण त्या सीझनच्या मॅच झाल्या विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. पुण्यात एकही नाही. त्यांचं एक बरं आहे, त्यांच्याकडे टीव्ही आहे. टीव्हीवर रात्री आठ म्हणजे आठ. तिथे पाहुण्यांची वाट बघत नाहीत.

मासकॉमच्या पहिल्याच लेक्चरला आम्हाला घोकून घेतलं होतं. बातमीत सहा प्रश्नांची उत्तरं हवीत. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. आमच्या टीमकडे 'कोण' आहे, 'काय' आहे, 'कसं' तर फर्स्ट क्लास आहे. 'कुठे' आणि 'कधी'ची बोंब. आणि आपण सगळे चर्चा करतो ती फक्त 'का'ची!

आणखी एक प्रश्न आमच्या लेक्चरमध्ये नव्हता. 'कुणासाठी?' त्या रात्री मैदानावर बाई अशी मी एकटीच होते. कुणी वेडंवाकडं बोललं नाही, खोटं कशाला सांगू. उलट एका कार्यकर्त्यानं धावत जाऊन माझ्यासाठी खुर्ची आणली आणि ठेवली कुठे? स्टेजवर, पाहुण्यांच्या शेजारी! म्हणजे बाई एक तर स्टेजवर, नाही तर घरी. मधे उभं राहायची जागाच नाही. टॉयलेट तर सोडाच. टीव्हीवरच्या कबड्डीला ओरडणाऱ्या काकू, माम्या, वहिन्या, सगळ्या घरातच बसून राहतात. मग गर्दी कमी का म्हणून रडायचं! अर्धी गर्दी आपण आधीच दाराशी थांबवलेली असते.

एवढं सगळं ज्ञान मी कॅप्टनला एका दमात ऐकवलं. कबड्डी कबड्डी म्हणायला जेवढा दम लागतो तेवढ्यात. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मग?'

मग आम्ही एक रविवार ठरवला.

स्पर्धा नाही, कप नाही, पाहुणे नाहीत, सत्कार नाही. सावंगीकडची एक टीम ओळखीची होती, तिच्यासोबत साधी सराव मॅच. आपल्याच जागेत. वेळ पाच, आणि पाच म्हणजे पाच. खडीचा ढीग पोरांनी शनिवारी हलवला. रिक्षावाल्या खेळाडूनं रिक्षाच्या मागे कागद चिकटवला. मी मेसेज तयार केला, त्यात एकही 'भव्य' नाही आणि एकही 'दिव्य' नाही. फक्त तारीख, वेळ, जागा आणि बारा मुलांची नावं, प्रत्येकापुढे गल्ली. खाली एक ओळ, 'महिलांसाठी सतरंजी टाकली आहे.' सतरंजी आमच्याच घरची होती. दोन घरं सोडून राहणाऱ्या आजींनी आपलं टॉयलेट वापरायला दिलं. आता राहिला सेकंड शिफ्टचा प्रश्न. कॅप्टननं एका सहकाऱ्याशी शिफ्ट बदलून घेतली. खाडा टळला.

पाचला पाच कमी असताना मैदानावर तीस-एक माणसं. माझ्या पोटात गोळा. पाच वाजता पंचांनी शिटी वाजवली. वाट बघायची नाही असं ठरलं होतं, आम्ही वाट बघितली नाही. आणि शिटी ऐकून लोक घरांतून बाहेर यायला लागले. खरंच सुरू झालं की काय, असं तोंडावर आश्चर्य! पोरं, पोरांच्या मागे आया, दुकान नोकरावर सोडून आलेला किराणावाला. हाफ टाइमला मी मोजले. एकशे बारा. या वेळी बदली खेळाडू आणि पंच आधीच वजा केले होते.

सतरंजीवर पहिल्या रांगेत काकू. नऊ वर्षांत पहिल्यांदा. कॅप्टन चढाईला गेला की ती पदर तोंडात धरायची. एकदा समोरच्या तिघांनी मिळून त्याला असा दाबला की ती उठून उभीच राहिली. 'अरे, सोडा की त्याला!' सगळं मैदान हसलं. कॅप्टन मातीत पालथा पडल्या पडल्या हसला.

आम्ही जिंकलो का? नाही. चार गुणांनी हरलो. पण मॅच संपल्यावर कुणी घाईनं निघालं नाही. मोबाइल रिपेअरिंगवाल्याला एक आजोबा पकड कशी करायला हवी होती ते दाखवत होते. आजोबा कधीकाळी खेळायचे, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्यालाच काय, मलाही.

आता फिल्मी शेवट हवा असेल तर माफ करा. एकशे बारा माणसांनी खाडा भरून निघत नाही. तिकीट नव्हतं, स्पॉन्सर नव्हता. मॅटवर खेळायची स्वप्नं मातीवरच आहेत. त्या रात्री कॅप्टननं डायरी पुन्हा उघडली तेव्हा डाव्या बाजूला तारीख लिहिली आणि उजवी बाजू मोकळी राहिली, एवढंच. मी विचारलं, 'मग सीझननंतर बंद?' तो म्हणाला, 'बघू.' आमच्या घरात 'बघू' म्हणजे हो पण नसतं आणि नाही पण नसतं.

गर्दी ही नशिबाची गोष्ट आहे, असं मला इतके दिवस वाटायचं. ज्यांच्याकडे असते त्यांच्याकडे असते. आता वाटतं, गर्दी म्हणजे सवय. आणि सवय लागायला आधी कुणीतरी शब्द द्यावा लागतो. अमुक दिवशी, अमुक जागी, अमुक वाजता आम्ही असू. तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी. आमच्या टीमनं नऊ वर्षं जीव तोडून कबड्डी खेळली, पण हा शब्द कुणाला दिलाच नव्हता. आणि मी, बातम्या देऊन पोट भरणारी बाई, मी तो कधी मागितलाही नव्हता.

परवा सकाळी दूध आणायला गेले तर किराणावाल्यानं सुट्टे देता देता विचारलं, 'ताई, पुढची मॅच कधी आहे?'

नऊ वर्षांत पहिल्यांदा मला उत्तर माहीत होतं.

'रविवारी. पाच वाजता. तिथेच.'

सतरंजी आहे. तुम्हीही या.